काच आणि जाळ्याचा दोरा

आमच्या ह्यांना येत नाही असं जगात काहीच नाही. निवृत्त झाल्यापासून ते फोनवर व्हिडिओ बघतात, आणि बघून झालं की ते काम त्यांना येतं. अशी त्यांना आधी वायरिंग आली, मग आंब्याचं कलम आलं, मग विहिरीवरचा पंप दुरुस्त करणं आलं. पंप भंगारात गेला, कलम वाळलं आणि वायरिंगचा विषय आमच्याकडे कोणी काढत नाही. मागच्या वर्षी त्यांना मोटारीची पुढची काच बसवणं आलं.

मोटार माझ्या वडिलांची; ते आता आमच्याजवळच राहतात. गोल दिव्यांची, जुनी, पण अजून एका दमात चालू होणारी. वडील सरकारी खात्यात जीप चालवायचे. पगारातून साठवून त्यांनी ती घेतली तेव्हा आमच्या वस्तीत दुसरी चाकं म्हणजे बैलगाडीची. वरच्या आळीतले म्हणाले, आता ह्या लोकांनाही गाडी लागते. वडिलांनी मग रोज सकाळी त्या आळीवरून गाडी हळू नेली. माझ्या तिरकस जिभेचं मूळ कुठं आहे ते मला ठाऊक आहे. फरक इतकाच की ते गाडी चालवून बोलायचे आणि मी नुसतीच बोलते.

त्या गाडीत कधीच न बसलेलं एकच माणूस आमच्या माणसांत उरलं होतं, माझी आत्या. ती दिघीच्या बाजूला राहते, मधे खाडी. पूर्वी गाडी न्यायची तर केवढा तरी वळसा पडायचा. आता इकडच्या आगरदांड्याहून बोटीवर गाडी चढते आणि थोड्या वेळात पलीकडे उतरते, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत वडील ऐंशीचे झाले. लायसन्सची मुदत महिनाअखेर संपत होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या कागदावर सही करणार नाही असं सरळ सांगितलं होतं. त्याआधी बहिणीला पुढच्या सीटवर बसवून एकदा समुद्राकाठानं फिरवायचं, एवढंच वडिलांना हवं होतं. आणि नेमकी त्याच सुमारास माडाची वाळकी झावळी गाडीच्या पुढच्या काचेवर पडली आणि काच फुटली.

अशा गाडीची काच दुकानात मिळत नाही. ह्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारात चार खेपा घालून एक शोधली, गोधडीत गुंडाळली आणि भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत लाँचमध्ये मांडीवर धरून आणली. एवढं श्रेय त्यांचं आहे. लाँचमधल्या झाडून सगळ्या लोकांना त्यांनी ती काच दाखवली असणार, तेही मी धरून चालते.

वडिलांचे हात आता कापतात. त्यांनी सांगितलं होतं, रविवारी सकाळी मी खुर्ची टाकून बसतो, सांगतो तसं करा. ह्यांना सांगितलेलं करायची सवय नाही. शनिवारी दुपारी वडील जेवून झोपल्यावर त्यांनी ठरवलं की सासऱ्यांनी उठून बघावं तर काच बसलेली. मदतीला शेजारचे काका आले. ते जाळी विणतात आणि कुठल्याही विषयावर मत देतात.

काच बसवण्याची रीत तशी सोपी आहे. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची आणि तिची टोकं गाडीच्या आत सोडायची. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. मी दहा वर्षांची असताना वडिलांनी एकदा काच बसवली होती, तेव्हा आत बसून दोरी मी ओढली होती. दोरी म्हणजे आईच्या परकराची नाडी. सुती आणि जाड असली की रबर कापत नाही, असं वडील म्हणाले होते. आणि वर साबणाचं पाणी.

काकांनी आणला जाळ्याचा नायलॉनचा दोरा. ह्या दोऱ्यानं पन्नास किलोचा मासा ओढलाय, म्हणाले, तुझं रबर काय घेऊन बसलास. आणि साबणानं पत्रा गंजतो म्हणून ह्यांनी खोबरेल तेल घेतलं. आमच्याकडे डोकं दुखलं, दार करकरलं, पोराला लागलं, सगळ्याला खोबरेल तेल. मग मोटारीनं काय घोडं मारलंय?

मी पायरीवर उभी होते. आत बसते म्हटल्यावर हे म्हणाले, हे तुझं काम नाही, बाजूला हो. मी बाजूला झाले. दोरा बघितला, तेल बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. चाळीस वर्षं ऐकतेय बाजूला हो. म्हटलं, फाटू दे रबर, पडू देत दोघं तोंडावर. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. रात्री जेवताना काय बोलायचं ते मी मनात जुळवतही होते.

काच तेलावर मजेत घसरली आणि वाकडी बसली. काकांनी आतून दोरा ओढला. अर्ध्यावर रबराची कड सुरीनं कापल्यासारखी निघाली आणि वरचा कोपरा बाहेरच राहिला. तो आत जावा म्हणून ह्यांनी मुठीनं ठोकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोक्याला अख्खी काच खडीसाखरेसारखी दाणेदाणे होऊन बॉनेटवर आली.

काकांना लगेच आठवलं की मासळीला जायची वेळ झाली. हे म्हणाले, रबरच डुप्लिकेट होतं.

आवाजानं वडील उठून बाहेर आले. हे आपणहून सांगू लागले, पुन्हा बाजारात जातो, शोधतो. महिना संपायला नऊ दिवस होते. वडिलांनी मान हलवली, खाली पडलेला रबराचा तुकडा उचलला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"जालीचा दोरा व्हता?"

"हो."

"तू बगत व्हतीस?"

"हो," मी म्हणाले. "पण मला कुणी विचारलंच नाही."

वडिलांनी तो तुकडा बॉनेटवर ठेवला.

"काच त्यांची न्हवती, बाय," ते म्हणाले. "माझी व्हती."