सावळेराम भाऊजींची तिसरी चिप

सावळेराम भाऊजी माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. आमच्या महाळुंगे पडवळमध्ये पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपासून डेअरीच्या वजनकाट्यापर्यंत सगळं तेच दुरुस्त करतात. पुण्याच्या भंगारातून जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड पोत्याने आणायचे, गरम हवेच्या गनने सोल्डर वितळवायचं आणि चिमट्याने एकेक चिप उचलून गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवायची, असा त्यांचा उद्योग. बायकोला धुराचा खोकला होतो, म्हणून हे सारं चालतं मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत.

शेजारच्या प्रतिभाने भाऊजींच्याच सल्ल्याने भरतकामाचं जुनं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं होतं. ते ऐन लग्नसराईत बंद पडलं. लोणीच्या एका घरचे बारा ब्लाऊज गुरुवारपर्यंत द्यायचे होते. कंपनीने सांगितलं, हा बोर्ड आता बनत नाही.

भाऊजींनी बोर्ड उघडून पाहिला. "मेमरीची चिप गेलीय. ह्याच नंबरची माज्याकडं तीन बोर्डांवर हाय. काळजी करू नको."

प्रतिभाने काळजी केली नाही. करायला हवी होती.

पहिली चिप भाऊजींनी घाईत ओढली, पायच तुटले. दुसरी जास्त तापली. मशीनला लावली तर नुसता लाल दिवा. आता एकच उरली. बुधवारी सकाळी मी प्रतिभाला घेऊन मळ्यात गेले, तेव्हा ते गन धरून बसलेच होते. बांधावरून शेजारच्या मळ्यातला सयाजी ओरडला, "काय बोर्डवाले, आज कुनाचं मशीन मारताय?"

"तू तुजं बघ, राव!" भाऊजी मान वर न करता म्हणाले.

सोल्डर चमकायला लागलं. भाऊजींनी चिमटा लावला, चिप एका बाजूने उचलली, आणि बल्ब एकदम पिवळा पडला. बाहेर एकापाठोपाठ एक मोटारी घुमल्या. थ्री फेज, म्हणजे शेतीच्या मोटारींची लाईट, आली होती. आमच्याकडे सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. गनची हवा कोमट झाली, सोल्डर घट्ट झालं, पण हात उचलायच्या भरात होता. टक्कन आवाज आला. चिप चिमट्यात, दोन पाय बोर्डावर.

"ह्या आठवड्यात तर लाईटची रातीची पाळी व्हती ना?" भाऊजी म्हणाले.

"सोमवारी बदलली," मी म्हटलं. "आता दिवसाची आहे." त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, त्यांची स्वतःची मोटारही धडधडत होती. ऑटो त्यांनीच बसवलेला. माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

त्यांनी चिपची कड पॉलिश पेपरने घासली, तुटल्या पायांची चकाकी दिसेपर्यंत. केसाएवढी तार लावायला घेतली. एक धरली, दुसरी लावताना पहिली सुटली. पुन्हा लावली. पुन्हा सुटली. प्रतिभा अर्धा तास उभी होती. मग तिने लोणीला फोन लावला.

"ताई, कापड परत न्या. मंचरला टाका, तिथं वेळेत व्हईल... न्हाई, मशीनच न्हाई चालत."

"अगं थांब की! धरतीय आता," भाऊजी म्हणाले.

"दादा, तुमी तीन दिस हेच म्हणताय." तिने डोळे पुसले नाहीत, पदर खोचला. "उद्यापासून मी कांदा काढायला जाते. झालं तर निरोप द्या."

ती निघाली. तिच्या मागे जावं की इथं थांबावं, मला कळेना. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचा तो जुना कॉम्प्युटर हाय का अजून? त्याच्यावर बी हाच नंबर असंल."

"दिवाळीत भंगारवाल्याला दिला," मी म्हटलं.

"मला न्हाई इचारायचं?"

"भंगारात काढून तुमच्याच दारासमोर ठेवला होता, भाऊजी. तुम्हीच म्हणालात, वाटेतला हा पसारा उचला."

त्यांनी मान खाली घातली आणि तार पुन्हा चिमट्यात धरली.