मॅगपाय शिवलेला चालतो का?

दुपारची जेवणं झाली आहेत. ख्रिसमसच्या सुट्टीतली दुपार, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर पाय वर घेऊन पडले आहे. झोपायचं नाहीये मला. माझा मुलगा ऋत्विज आत फोनवर बोलतोय आणि त्याचा शब्द न् शब्द मला ऐकायचाय. थोड्या वेळाने घराचे फोटो काढायला एजंट येणार आहे. हे घर विकायचं आणि मला मेलबर्नला ऋत्विजच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं, असं ठरलंय. कोणी ठरवलं म्हणाल, तर ह्यांनी. माझ्या नवऱ्याने. मे महिन्यात वारलेल्या माणसाने.

सांगते, ऐका. दहाव्याला मागच्या अंगणात, तोडलेल्या निलगिरीच्या बुंध्यावर आम्ही पिंड ठेवला होता. साताऱ्याचे भटजी फोनच्या पडद्यावर. कावळा काही येईना. इथले कावळे तसेही आपल्यातले वाटत नाहीत, तान्ह्या पोरासारखे रडतात आणि माणसाकडे ढुंकून बघत नाहीत. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोलून बघा. ऋत्विज हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमचा कॅरॅव्हॅन आम्ही मोडीत काढणार नाही." ढिम्म. "बाबा, तुमची झाडं सांभाळू." ढिम्म. मग त्याचा आवाज चिरकला. "बाबा, आईला एकटं नाही ठेवणार. मेलबर्नला घेऊन जाऊ." आणि फांदीवरून खाली उतरला कोण? दिवाणजी!

दिवाणजी म्हणजे आमच्या अंगणातला मॅगपाय पक्षी. काळा कोट, मानेवर पांढरं उपरणं, आणि चाल अशी की जसा काही वसुलीला निघालाय. ह्यांनी त्याला रोज सकाळी खिमा घालून लाडावून ठेवलेला. तो आला, पिंडाला चोच मारली आणि घास घेऊन कुंपणावर जाऊन बसला. पडद्यावर भटजींना पक्ष्याचा काळा भागच तेवढा दिसला. "शिवला! शिवला!" ते ओरडले. ऋत्विज ढसाढसा रडायला लागला.

आता बोला. अरे, तो मॅगपाय, तिथे साबणाची वडी ठेवली असती तरी चोच मारली असती त्याने! पण रडणाऱ्या पोरासमोर काय तोंड उघडणार? तेव्हापासून मी काहीही म्हटलं की एकच उत्तर. "आई, बाबांना तेच हवं होतं. तू डोळ्यांनी पाहिलंस." मेलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, सांगा बरं.

आतून ऋत्विजचा आवाज लांब लांब जातोय. 'लॉन' ऐकू येतं. 'भाज्यांचे वाफे काढून टाकू, घर मोकळं दिसेल' ऐकू येतं. कोणाचे वाफे रे? असं ओरडायला मी तोंड उघडते आणि तोंडात समुद्राचा खारा वारा शिरतो.

पायऱ्या उतरते तर टोमॅटोच्या वाफ्यात हे उभे. हातात पाण्याचा पाइप. डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, मागच्या बाजूला मार्करने काढलेले दोन मोठे डोळे. वसंतात मॅगपाय मागून येऊन माणसांच्या टाळक्यात चोच मारतात, म्हणून इथे लोक असे डबे घालून हिंडतात. ह्यांना दिवाणजीने कधी हात, म्हणजे चोच, लावली नाही. डबा लागायचा तो मला.

"तो माझा डबा आहे," मी म्हणते. इतक्या महिन्यांनी नवरा भेटतो आणि मी पहिलं वाक्य हे बोलते.

"तुझाच आहे. ह्या वर्षी कुठे लागला तुला?"

ते खरं आहे. यंदा दिवाणजी माझ्या वाटेला गेला नाही. पण ते मी कबूल करणार नाही.

"टोमॅटोला आधार कोणी दिलाय हा?" हे विचारतात. "काठ्या वाकड्या आहेत."

"विषय बदलू नका. तुम्ही शिवलात की नाही, ते आधी सांगा."

हे पाइप फिरवतात. पाइपातून पाणी येत नाही, वाळू येते, बारीक, पिवळी. मी एक पाऊल पुढे टाकते तर वाफा संपून किनारा लागलेला. लेक्स एंट्रन्सचा कॅम्प, दर ख्रिसमसला जायचो तो. आमचा जुना कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, टोमॅटोच्या ओळीत उभा आहे आणि त्याच्या पायरीवर तात्या ऊन खात पसरलाय. तात्या म्हणजे पाण्याच्या टाकीखाली राहणारा निळ्या जिभेचा जाडजूड सरडा. तो समुद्रावर कधी आला नव्हता. पण आलाय तर येऊ दे, त्याचीही सुट्टी आहे.

कॅरॅव्हॅनमध्ये आमचा कुकर शिट्टी देतो. आजूबाजूला तंबूंमध्ये सॉसेज भाजणारी माणसं नेहमीसारखी दचकतात. हे घडीच्या टेबलाशी बसतात, पाय ताणून, मालक असल्यासारखे.

"पोरगं काही चुकीचं नाही म्हणत," हे म्हणतात. "गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे आहेत. मी बघीन त्यांचं काय ते."

"घाबरतो गं तो. वणवा आला तर? साप निघाला तर?"

"साप निघाला होता. मी त्याला फावड्याने वाट दाखवली आणि तुम्ही ह्याच खुर्चीवर उभे होतात, लेंगा वर धरून."

तात्या जीभ बाहेर काढतो. हे त्याच्याकडे रागाने बघतात.

आणि माझा पाराच चढतो. समुद्र असो, स्वप्न असो, मला काही फरक पडत नाही. "ऐका," मी म्हणते. "साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून मेलबर्न, मेलबर्नहून हे खेडं. दर वेळी तुम्ही म्हणालात चल, आणि मी बॅगा भरल्या. इथे आलो तेव्हा ह्या अंगणात काय होतं? विटेसारखी माती! इथे कढीपत्ता जगणार नाही, असं नर्सरीवाला तोंडावर म्हणाला होता. थंडीत त्या रोपाला मी माझी गोधडी पांघरली आणि स्वतः कुडकुडले. आज सगळ्या गावातल्या भारतीय बायका माझ्याकडून पाला नेतात. हे एवढंच ठिकाण आहे जिथे मी नुसती कोणाच्या मागे आले नाही, रुजले. आता मी कोणाच्या मागे जायची नाही. पोराच्याही नाही आणि तुमच्याही नाही!"

हे डोक्यावरचा डबा काढतात. आजारपणात गेलेले केस सगळे परत आलेत. मला एकदम भरून येतं, पण मी रडत नाही. भांडण अर्धं टाकून रडायची मला सवय नाही.

"मग त्या दिवशी का बोलली नाहीस?" हे हळूच विचारतात.

"कोणी बोलू दिलं? पिंडाशी बोलायचं ते मुलाने. मला खुर्ची दिली बसायला, सावलीत."

"मी टाकीपाशीच होतो. तात्याच्या शेजारी. सगळे झाडाकडे बघत होते आणि मी तुझ्या तोंडाकडे. म्हटलं, ही आता बोलेल, मग बोलेल. तू बोलली असतीस तर उठलो असतो. तेवढ्यात तो मेला दिवाणजी आला."

"म्हणजे तुम्ही शिवलाच नाहीत?"

"कसा शिवणार? तेव्हापासून उपाशी आहे मी."

सगळा राग तिथेच असतो, पण उपाशी हा शब्द ऐकला की माझे हात आपोआप चालायला लागतात. मी कुकर उघडते. वाफ निघून जाते तेव्हा आम्ही अंगणात आहोत, निलगिरीच्या बुंध्याशी, आणि समुद्र कुंपणापलीकडे गायी चरतात तिथे आहे. भात गरम. तिळाची पुडी माझ्या पदराला बांधलेली.

"पिंड बायकांनी द्यायचा नसतो," मी म्हणते.

"इथे कोण बघतंय? तात्या?"

मी तळहातावर भात घेते, वर काळे तीळ टाकते आणि गोळा वळते. चटका बसतो, बसू दे. बुंध्यावर ठेवत नाही. तसाच हात पुढे करते आणि मोठ्याने बोलते, गायी माना वर करून बघतात एवढ्या मोठ्याने.

"अहो, मी हे घर सोडणार नाही. गुडघे दुखले तर तुम्हाला शिव्या देईन, पण इथेच बसून देईन. टोमॅटो वाकड्या काठ्यांवर वाढतील, माझ्या काठ्यांवर. ही तुमची इच्छा असो नसो, माझी आहे. घ्यायचा तर ह्यावर घ्या, नाहीतर राहा उपाशी!"

हे बघत राहतात माझ्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं. मग वाकतात आणि माझ्या तळहातावरूनच खातात, घाईघाईने, पोटभर. मिशा हाताला लागतात.

"मीठ नाही," तोंड पुसत म्हणतात.

"पिंडात मीठ घालतात का कधी?"

"म्हणूनच कावळे येत नाहीत."

मला हसू फुटतं आणि त्याच हसण्यात मी म्हणून टाकते, "मला तुमची फार आठवण येते हो. सकाळचा चहा अजून दोन कप टाकते मी."

"दुसरा दिवाणजीला देत जा," हे म्हणतात आणि आइस्क्रीमचा डबा माझ्या डोक्यावर ठेवतात, नीट दाबून, कानांपर्यंत. "सांभाळून राहा." डब्यात अंधार आहे आणि बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवतंय.

"आई. आई, ऊठ. एजंट आलाय."

ऋत्विज माझा खांदा हलवतोय. ऊन व्हरांड्यात आलंय. बाजूच्या गेटापाशी पांढरी गाडी, त्यातून एक टाय लावलेला तरुण कॅमेरा काढतोय आणि दिवाणजी त्याच्या बुटांची पाहणी करतोय.

"केस नीट कर," ऋत्विज म्हणतो, आणि थांबतो. "हाताला काय लागलंय तुझ्या?"

मी बघते. उजव्या तळहातावर भात. बोटांच्या बेचक्यांत चिकटलेला, त्यात काळे तीळ. मध्ये तळहात लाल झालाय.

"भात कुठून आला?" ऋत्विज विचारतो. दुपारी आम्ही सँडविच खाल्लेत. कुकर त्याने स्वतःच सकाळी खोक्यात भरून वर चिकटपट्टी लावली आहे. त्याची नजर दाराशी ठेवलेल्या खोक्याकडे जाते, चिकटपट्टी आहे तशी आहे. मग ती तिळांवर येते. त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा होतो. "आई, हे..."

"तुझ्या बाबांना दिला."

"कधी?"

"आत्ता. त्या दिवशी जेवला तो मॅगपाय होता, बाळा. तुझा बाप आज जेवला. आणि माझ्या कोणत्या शब्दावर जेवला, ते त्या टायवाल्याला घरी पाठवून ये, मग सांगते."

तो खिशातून टिश्यू काढून माझा हात पुसायला खाली वाकतो, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नाही.

मी मूठ मिटून घेते. भात अजून कोमट आहे.