इनास मास्तरांचा शेवटचा सूर

फिडल, म्हणजे व्हायोलिन, हाती घेण्याआधी इनास मास्तर चर्चच्या आवारात थोडे चालून येत. मयताला वाजवायच्या संथ भागाची लय त्यांना पावलांतून हवी असे. ‘‘मयताची पेटी खांद्यावर असली की माणूस जसा चालतो, तसं वाजवायचं,’’ असे ते आम्हांला बजावत. ‘‘रेंगाळलात, तर मयत जड होतं.’’

भुईगावात आज त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. म्हणे, बायकोच्या मयताला मास्तरांचा हात थांबला, धून अर्धवट राहिली आणि तेव्हापासून त्यांचे डोके ठिकाणावर राहिले नाही. हे सांगणारे निम्मे लोक तेव्हा पाळण्यात होते. मी मास्तरांच्या शेजारी दुसरे फिडल धरून उभा होतो.

आधी ती धून काय होती, ते समजून घ्यावे. एका जुन्या इटालियन कॉन्चेर्तोचे, म्हणजे मोठ्या वाद्यरचनेचे, तीन भाग होते. मयताला आम्ही त्यातला मधला, संथ भाग तेवढा वाजवत असू. लार्गो, म्हणजे अगदी सावकाश; रे मायनर, म्हणजे पाश्चात्त्य सुरांतला ‘रे’ आधार धरून. कोणी त्याला रडका म्हटले की मास्तर चिडत. ‘‘रडून झाल्यावर माणूस तोंड धुऊन गप्प बसतो ना, ते हे.’’ हा भाग शेवटी मूळ ‘रे’वर परतत नाही, त्याच्यापासून पाचव्या सुरावर, ‘ला’वर थांबतो, कारण पुढचा जलद भाग यायचा असतो. चर्चमध्ये पुढे काहीच येत नसे. कानाला ते अपुरे वाटे, म्हणून जुन्या वादकांनी शेवटी एक ‘रे’ जोडायची पद्धत पाडली होती. मास्तरही ती निमूट पाळत.

बायकोच्या, कातरीनबाईंच्या मयताला त्यांनी तो ‘रे’ जोडला नाही. हात कापला नाही, लय तसूभर ढळली नाही. ‘ला’ पूर्ण वाजला आणि त्यांनी गज खाली घेतला. चर्चमध्ये हुंदके फुटले. मास्तर खचले, असा सर्वांनी समज करून घेतला.

फादर मनाने चांगले होते. माझ्यासमोरच त्यांनी मास्तरांना समजावले की, पुढच्या मयताला धून पुरी करा, म्हणजे लोकांची खात्री पटेल; नाहीतर वडीलधारी मंडळी तुम्हांला विश्रांती द्या म्हणतात.

‘‘फादर, कातरीन संपली असं वाजवायला माझा हात धजला नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आता तिला एक आणि दुसऱ्याच्या माणसाला दुसरं, असं कसं करू?’’

पुढचे मयत आले. एका सुरावर त्यांची जागा टिकणार होती. मास्तर ‘ला’वर थांबले. बायका कीव करत त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

त्यांची जागा मला मिळाली. मास्तर त्यानंतर बाकावर बसून मिस्साची प्रार्थना ऐकत. कधी तक्रार केली नाही. ते गेले तेव्हा लार्गो मीच वाजवला आणि ‘ला’वर थांबलो. बाहेर येताच मंडळींतले एक जण म्हणाले, ‘‘काय रे, तूपण विसरलास?’’

गुरु-शिष्य दोघेही चुकले, असे गाव अजून म्हणते. चुकलो असू, तर ज्याने तो लार्गो लिहिला त्याच्यासकट तिघे चुकलो.