पोथीसमोरची डुलकी

सुमन गेली, त्यानंतर पाच महिने मी पोथीला हात लावला नाही. मी देवावर रुसलो आहे असं लोकांना वाटलं, आणि मी वाटू दिलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि ती देवाचीच वाटत होती.

आम्ही राहतो त्या हिंदी मुलखातल्या शहरात, मदन महल भागात, आमच्या मराठी मंडळात दर गुरुवारी संध्याकाळी पाचला पोथी होते. अठरा वर्षं ती मी वाचली. माझी नोकरी फॅक्टरीत, तपासणी विभागात. आलेल्या मालातली खोट शोधून तो बाजूला काढायचा, हे काम. निवृत्त झालो तरी ती सवय माझ्याबरोबर घरी आलीच. सुमन, माझी बायको, पहिल्या रांगेत बसायची आणि चार-पाच ओव्या झाल्या की तिची मान खाली जायची. एकदा मी वाचन थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ऊठ, तोंड धुऊन ये. देवासमोर तरी जागी राहत जा." बायका हसल्या. ती उठली, तोंड धुऊन आली आणि त्या दिवसापासून मागे भिंतीपाशी बसू लागली. घरी येताना एवढंच म्हणाली, "काहून रागावता? मी ऐकून राहिली होती न." मी म्हणालो, घोरत घोरत ऐकत होतीस का? मला तो विनोद वाटला होता. तिची भक्ती कच्ची आहे असं माझं मत होतं, आणि माझी मतं फार पक्की असत.

एका सकाळी ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा बंगळुरूहून आला, दिवसपाणी आटोपून परत गेला. महिन्याभराने मी माझं ब्लडप्रेशर दाखवायला गेलो, तेव्हा त्याच डॉक्टरांनी सहज विचारलं, "काकी घोरायच्या का? दिवसा बसल्या बसल्या झोप लागायची का?" मी हो म्हणालो. मग त्यांनी स्लीप ॲप्निया काय असतं ते समजावून सांगितलं. झोपेत घसा सैल पडून हवेची वाट बंद होते, श्वास थांबतो, जीव घाबरून दचकतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा थांबतो. रात्रभर हेच. माणसाला वाटतं आपण आठ तास झोपलो, पण झोप अशी झालेलीच नसते. त्याचा भार हृदयावर येतो. तिला तेच होतं असं आता खात्रीने सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. तपासणी करता येते, उपाय आहे, हेही त्यांनी सांगितलं. अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एक आजारी बाई बसत होती आणि मी तिला आळशी ठरवलं होतं.

घर खायला उठलं. मुलगा रविवारी फोन करायचा, "बाबा, सब ठीक? जेवले न?" मी जेवलो म्हणायचो. कधी जेवलेलोही असायचो. कोणीतरी सुचवलं, वहीत नाम लिहीत जा, मन लागतं. मी वही आणली. दोन पानं देवाचं नाव लिहिलं. तिसऱ्या पानावर हात आपोआप लिहून गेला, सुमन, मला माफ कर. मग मी नाम सोडलं आणि जे घडलं तेच लिहायला घेतलं. ती केव्हापासून घोरायची, श्वास अडकून कशी दचकायची, सकाळी डोकं धरून कशी बसायची, भाजी निवडता निवडता तिचा डोळा कसा लागायचा. सगळं मी पाहिलं होतं. लिहिताना कळत होतं की आपण एकेक खूण अचूक टिपली होती आणि प्रत्येक खुणेवर तिची थट्टा केली होती. त्यातलंच या खुणांचं एक पान, इतरांना वेळीच कळावं म्हणून, हिंदी-मराठीत सोपं करून मी झेरॉक्स काढल्या आणि विजय नगर भागातल्या दुकानांत ठेवल्या. पिठाच्या चक्कीवाल्याने त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांचे नंबर लिहिले. "खर्राटे तो सबको आते हैं, दादा," तो म्हणाला. त्याच्यावर कसा रागावू? सगळेच घोरतात, असं मीही म्हणत आलो होतो.

अशातच मंडळाच्या देशकर वहिनींचा फोन आला. त्या दिवशीच्या वाचकांचा घसा बसला होता. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोणीच नाही हो." तेव्हा गेलो. पोथी उघडण्याआधी मनात म्हणालो, देवा, मला जमणार नाही. तुला जमत असेल तर बघ. इतकी कोरडी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती.

अध्याय निम्मा झाला होता. मागून घोरण्याचा आवाज आला. चाळिशीचा, जाड मानेचा एक माणूस भिंतीला टेकून झोपला होता. तो आमच्यातला नव्हता. पोथी ऐकायला येणाऱ्या एका हिंदी म्हातारीचा मुलगा, शाळेची व्हॅन चालवणारा. आईचा नेहमीचा ऑटो आला नाही म्हणून तिला सोडायला आला होता आणि वहिनींनी त्याला आग्रहाने बसवून घेतलं होतं. सुमन बसायची त्याच भिंतीपाशी तो बसला होता. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं. खोटं कशाला बोलू, अगदी ओठांपर्यंत आलं.

तेवढ्यात घोरणं थांबलं. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र धडकी भरली. हातात जपमाळ होती. मी एकेक मणी ओढू लागलो. बावीस मणी झाले तरी त्याचा श्वास आला नाही. तेविसाव्याला तो गुदमरल्यासारखा दचकला आणि पुन्हा घोरू लागला. एकीने त्याला हलवायला हात पुढे केला. मी म्हणालो, "त्याला उठवू नका. आधी ऐका." दोन-तीन मिनिटं सगळं मंडळ पोथी सोडून त्या माणसाचा श्वास ऐकत बसलं. तो थांबायचा तेव्हा कोणी हसत नव्हतं. मग मी पोथी मिटली आणि ज्यांच्यासमोर सुमनला बोललो होतो त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. ती आजारी होती, मी तिला रागावत होतो, आणि तिची काही चूक नव्हती. त्यातल्या काहीजणी तेव्हा हसल्या होत्या. त्यांच्या माना खाली गेल्या, पण मी ते त्यांच्यासाठी सांगत नव्हतो. त्या माणसाला जाग आली तेव्हा सगळे आपल्याकडे का बघताहेत हे त्याला कळेना. त्याची आई रडत होती.

त्याला तपासणीला न्यायला घरच्यांनी उशीर केला नाही. आजार बराच वाढलेला निघाला. आता तो मास्क लावून, यंत्राच्या हवेवर झोपतो. दीड महिन्याने एका दुपारी त्याची बायको त्याला घेऊन माझ्याकडे आली. पाया पडू लागली, मी मागे सरकलो. ती म्हणाली, "काकाजी, अब इतना चुप सोते हैं कि मैं ही उठ-उठकर देखती हूँ, साँस चल रही है न." मला हसू आलं. घरात सहा-सात महिन्यांत कोणी हसलं नव्हतं. निघताना तिने विचारलं, "काकीजी का नाम क्या था?" मी म्हणालो, "सुमन." ते गेले, मी दार लावलं आणि तिथेच उभा राहून पोटभर रडलो. त्याआधी मला रडूसुद्धा आलं नव्हतं.

तो माणूस त्याच गुरुवारी का आला, ऑटो त्याच दिवशी का चुकला, याचा विचार मी करत नाही. तपासणीची सवय तिथे तरी सोडली आहे. मी आता पुन्हा पोथी वाचतो, पानं वाटतो, कोणी बोलावलं तर जाऊन सांगतो. घर अजून रिकामंच आहे. ते रिकामंच राहणार. पण एक गोष्ट देवाने मला दिली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. ज्याची क्षमा मागायची ते माणूस निघून जातं, आणि आपण आयुष्यभर हात जोडून कोणापुढे उभं राहायचं ते कळत नाही. मग देव दुसऱ्या कोणालातरी आपल्यासमोर आणून झोपवतो. त्या झोपलेल्याला रागावायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं.