वरातीसाठी आणलेलं ऊद

माझं लग्न ठरलं, ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. सासरच्यांनी अट घातली की वरातीतल्या प्रत्येकाच्या हाताला उदाचं, म्हणजे अगरूच्या लाकडाचं, अत्तर लागलं पाहिजे. त्यांच्यापैकी कोणी ते कधी हुंगलेलं नव्हतं. कुण्या बड्या मालगुजाराच्या घरच्या लग्नात लावलं होतं, एवढंच ऐकून होते.

बाबा हातमागावर लुगडी विणत. आईची पाटली मोडून त्यांनी इतवारी बाजारातून करंगळीएवढी खऱ्या उदाची बाटली आणली, वरातीसाठी. आमच्या माणसांसाठी दुसरी, मोठी आणि स्वस्त. मी दोन्ही हुंगल्या. स्वस्तातलं गोड, चंदनाच्या उदबत्तीसारखं. खरं मात्र कडू, भिजलेल्या लाकडाचं, आणि त्यात थोडा गोठा.

मे महिन्यातली दुपार होती. मांडवाच्या तोंडाशी धाकटी बहीण वरातीच्या मनगटांवर खरं ऊद लावत होती. मी खिडकीतून बघत होते. होणाऱ्या सासूबाईंनी हात नाकाशी नेला.

"हे काय लावलं वं? बोकड बांधला होता काय इथं?"

मागच्या बायका हसल्या. तेवढ्यात सासूबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मावशीचा हात ओढून हुंगला.

"पाहा, घरच्यांले ऊद अन् वरातीले हे. काहून हो व्याही, आम्ही भिकारी दिसतो काय तुमाले?"

"खरं हेच आहे जी," बाबा म्हणाले.

"मंग इच्या हाताले काय आहे?"

स्वस्तातलं, असं सांगायचं तर भर मांडवात आपल्याच माणसांचा पाणउतारा. सगळी ऐकत उभी होती. बाबांनी हात जोडले.

वरात रुसून बाहेर उन्हात बसून राहिली. बाबांनी बादली आणि साबण नेला, एकेकाचे हात धुतले, माफी मागत त्यांवर स्वस्तातलं लावलं. नवरदेवाने दोन्ही हात पुढे केले. मग लग्न लागलं.

खरं ऊद साबणाने जात नाही. चार दिवसांनी सासूबाई भाकरी थापत होत्या, मी चुलीत लाकडं सारत होते. गोड वास कधीच उडाला होता, त्यांच्या मनगटाचा कडू तसाच होता.

"तुह्या बापाची करणी. जाता जात नाही."

"महागाचं आहे आई. उडालं ते स्वस्तातलं."

त्यांचा हात थांबला.

"मंग उरलेली बाटली कुठं आहे?"

"वरात जेवत होती तेव्हा बाबांनी नालीत ओतली."

तव्यावरची भाकर करपत होती. सासूबाईंनी पिठाचा हात नाकाशी नेला.