अंजनीचे सहा चुकलेले प्रश्न

बाई खडू अर्धा मोडूनच वापरायच्या. बशीत ओतलेला चहा विसरायच्या. रस्त्यात कुणी बोलायला थांबलं तर सायकलवरून पूर्ण उतरायच्या. पेपर तपासताना बरोबर उत्तरावर खूण करून पुढे जायच्या, चुकलेल्यापाशी थांबायच्या.

हेमलता खोब्रागडे हिंदी मुलखातल्या रांझीच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवत. मी शेजारची, त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, नुकतीच एम.ए. झालेली. तरी त्या मला मैत्रीण म्हणत.

१९८८ च्या जानेवारीत शाळेला पत्र आलं. हुशार मुलांच्या निवासी शाळेसाठी परीक्षा होती, दोन नावं शनिवारपर्यंत पाठवायची होती. हेडमास्तरांनी सहामाहीच्या गुणांवरून दोन मुलं निवडली. बाईंना त्यात आपल्या वर्गातल्या अंजनीचं नाव हवं होतं. अंजनीचे वडील फॅक्टरीत कामाला. गणितात तिचे दहापैकी सहा प्रश्न चुकलेले.

हेडमास्तर म्हणाले, "मैडम, नंबर देखिए. छह गलत हैं."

"सर, क्यों गलत हैं, वो भी तो देखिए."

"ठीक है, छहों का कारण लिखकर दीजिए. शनिवार तक."

त्या संध्याकाळी बाईंनी मला पेपर दाखवला. कामगार सकाळी आठला कारखान्यात शिरतो, आठ तास काम करतो, तर घरी किती वाजता पोचतो? अंजनीनं सव्वापाच लिहिलं होतं.

"चारच ना?" मी म्हणाले.

"तू एम.ए. झाली, पण प्रश्न नाही वाचला. जेवणाची सुट्टी अर्धा तास. गेटवर झडतीची रांग पंधरा मिनिटं. सायकलनं घर अर्धा तास. पोरीनं सगळं धरलं. आता सांग, चूक कोणाची?"

"मग बाकीचे पाचही आजच विचारून टाका ना."

"नाही गं. एकदम विचारलं तर गप्प होते पोरगी. रोज एकच विचारून राहिली मी, 'काहून असं लिहिलं?', मधल्या सुट्टीत."

सोमवारी हा पहिला झाला. मंगळवारी दुसरा. बुधवारी त्या खुशीत आल्या, पण दम लागलेला. मी डॉक्टरांचं नाव काढलं. "अच्छा, शनिवार होऊ दे," म्हणाल्या. गुरुवारी चौथ्या प्रश्नाचं कारण लिहिलं आणि पेन बंद करून छातीवर हात ठेवला. शेजारचे रिक्षा आणेपर्यंत संपलं होतं.

शुक्रवारी शाळा बंद होती.

शनिवारी मी बाईंची कारणांची वही घेऊन शाळेत गेले. आधी अंजनीला गाठलं. "पाचवा कसा सोडवला होतास गं?" ती फरशीकडे पाहत राहिली. मी हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती रडायला लागली. माझा आवाज चढला होता, हे मला तेव्हा कळलं.

हेडमास्तरांनी चारही कारणं दोनदा वाचली. चष्मा काढला. "ये सव्वापाच वाला... सही है." मग पान उलटलं. "और ये दो?"

मी पाचवा प्रश्न स्वतः सोडवायला बसले. मला उत्तर आलं, छापील उत्तराएवढंच. अंजनीचं कसं आलं, ते मला दिसेना.

तीन वाजता शिपाई यादी घेऊन गेला. त्यात पहिलीच दोन नावं होती.

वही माझ्याकडे आहे. पाचव्याखाली बाईंनी प्रश्न उतरवून ठेवलाय, अंजनीचं उत्तरही. मग लिहिलंय, "काहून". पुढे पान कोरं आहे.