धावड्याखालचा जबाब

केदारखेड्याच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्चाहून आले की त्यांच्या खिशातून घड्या घातलेले कागद निघायचे आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. जंगल राबणाऱ्याचं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. ते म्हणजे नेमकं काय, हे मात्र डोंगराखालच्या भिल्ल वस्तीवर लेकरांना शिकवायला गेल्यावरच कळलं.

त्या वस्तीशी आमचं नातं जुनं. आजोबा सांगायचे, त्यांच्या आजोबांच्या घरात माग होता. जाडंभरडं कापड, पासोड्या. सुताला खळ द्यायला धावड्याचा डिंक लागायचा. तो भिल्लांच्या बायका पाटीत घेऊन यायच्या आणि जाताना पासोडी न्यायच्या. मग गिरणीचं स्वस्त कापड आलं, माग थांबला आणि आमची माणसं दुसऱ्यांच्या शेतात राबायला गेली. तिकडे डोंगरावर हद्दीचे दगड उभे राहिले. इकडे राज्य निजामाचं, पण जंगलाचा कायदा गोऱ्या साहेबाच्या कायद्यावरच बेतलेला. काल ज्या झाडाचा डिंक बायका काढत होत्या, त्याला हात लावणं आज चोरी झालं. दोन्ही राज्यं गेली. दगड अजून तिथंच आहेत, आणि चोरीही.

वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मी आजी म्हणायचे. तिच्या मुलाला उन्हाळ्यात वनखात्याच्या माणसांनी डिंकाच्या डब्यासकट धरलं होतं. तो अजून भोकरदनला तारखांना जातो. तिच्या नवऱ्याला त्याच्याही आधी धरलं होतं, आणि तो परत आला तेव्हा त्याचा एक कान बहिरा झालेला होता.

नव्या कायद्यानं एक वाट ठेवली आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हे जंगल वापरत आलो, असं वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसानं पाहणीला आलेल्या साहेबांसमोर सांगितलं, तर तो पुरावा धरतात. वस्तीनं तसा दावा केला होता. तो मंजूर झाला असता तर डिंक उजळ माथ्यानं काढता आणि विकता आला असता. दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जावं लागलं नसतं. सगळं आजीच्या जबाबावर होतं.

म्हणून मी तिची तयारी करून घेतली. संध्याकाळी अंगणात मी साहेब व्हायचे.

"आजी, या जंगलातून काय नेता?"

"डिंक नेतो. मोहळ नेतो. वाळलं सरपण नेतो. माझी आई नेयची, तिची आईबी नेयची."

"बराबर! आणि हे जंगल कोणाचं?"

"तुझ्या बापाचं न्हाई, एवढं पक्कं!" म्हणून ती दात नसलेल्या तोंडानं हसायची. "पण मास्तरीण, तू कसली गं साहेब? साहेबाची चप्पल अशी तुटकी असती का?"

सगळी वस्ती हसायची. मीही हसायचे.

पाहणीला तिघं आले. एक महसूलचा, एक पंचायतीचा आणि एक वनखात्याचा, खाकीतला. आजी आम्हाला एका जुन्या धावड्यापाशी घेऊन गेली. त्याच्या खोडावर घावांच्या ओळी होत्या. खालचे बुजलेले घाव तिच्या आईचे, वरचे तिचे. याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

खाकीतला माणूस वाईट बोलला नाही. उलट फार मायेनं बोलला.

"आजी, तुम्ही इथून डिंक नेता का?"

आजीनं त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"न्हाई साहेब. सरकारचं जंगल हाये. आमी पाय ठेवत न्हाई."

"मंग हे घाव कोणाचे?"

"बाहेरचे लोक येऊन राह्यलेत. आमचं पोरगं तर बिलकुल येत न्हाई."

त्यानं मुलाला विचारलं. मुलानं आईकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "आई म्हणती तेच खरं." मग शेजारीण. मग तिचा दीर. न्हाई साहेब. न्हाई साहेब. खाकीपुढं द्यायचं उत्तर त्या वस्तीत लेकरांना बोलायला लागल्याबरोबर शिकवतात, आणि मी चार संध्याकाळी अंगणात बसून ते पुसायला निघाले होते.

मी ओरडले, "साहेब, ती घाबरलीय! ते घाव तिचेच आहेत!"

महसूलवाल्यानं विचारलं, "ताई, तुम्ही या वस्तीच्या का?"

"नाही."

"मग मधे बोलू नका."

जबाब वाचून दाखवला. आजीनं शाईत अंगठा बुडवला आणि ठळक उमटवला.

डोंगर उतरताना तिनं माझा हात धरला. तिचा अंगठा अजून निळा होता. "तू वरडलीस तवा काळजात धस्स झालं गं. वाटलं, आता सगळ्यांला गुतवती ही. पण बघ, कसं वाचवलं पोराला!"

"आजी, आपण काय ठरवलं होतं?"

"ध्यानात हाये की सगळं. पण ते वर्दीत आल्ते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बिगर वर्दीचा साहेब कवा येणार हाये? त्याला सांगते ना मी खरं. आईचं, आजीचं, सगळं सांगते."

बिगर वर्दीचा साहेब कधी येणार, हे वडिलांच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. भांडी, कोंबड्या, लेकरं, कोयते चढले. आजीला वस्तीवर ठेवून जात होते, दारांवर लक्ष ठेवायला. ट्रक हलल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि डोंगराच्या वाटेकडं पाहत म्हणाली, "मास्तरीण, मी कुठं जात न्हाई. तो बिगर वर्दीचा आला की मला हाक मार."